दरीकडची बाजू

केयेनको, ९ जानेवारी २००३

एर्सिरा,

गास्तोनच्या ट्रकमधून एक लाकूड पाठवतो आहे, पिठाच्या पोत्यात गुंडाळून. त्याने ते माशांच्या पेट्यांवर ठेवलं असेल तर वास येईल. पुसून घे.

लाकूड आलेर्सेचं आहे. बुंध्याच्या गाभ्यापासून सालीपर्यंत कापलेली पट्टी, चार वीत लांब. झाड कोणतं ते तुला सांगायला नको. लिसान्द्रो ज्याच्याखाली गेला तेच. खोड त्याच वेळी लोकांनी ओढून नेलं, बुंधा अजून जमिनीत आहे. दोन वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. गेल्या आठवड्यात लावला.

तू एकदा सांगितलं होतंस की तुमच्या प्रयोगशाळेत रेघा मोजून झाड कोणत्या वर्षी मेलं ते कळतं. मी हसलो होतो. म्हटलं होतं, आम्ही लाकूड फोडून छपराची कौलं करतो आणि उपाशी राहतो, तुम्ही नुसतं बघता आणि तुम्हाला पगार. आता मीच विचारतो. लिसान्द्रोने ते झाड पाडलं ११ मार्च २००१ ला. त्या दिवशी ते मेलेलं होतं की जिवंत? एवढंच सांग.

गावात काय चाललं आहे ते तुझ्यापर्यंत पोचलं नसेल. मेलेलं आलेर्से कोरडं असतं, हलकं असतं. जिकडे खाच घ्याल तिकडे पडतं. म्हणून लोक म्हणतात, चोवीस वर्षांचा कसलेला गडी मेलेल्या झाडाखाली सापडतो, तो प्यायल्याशिवाय नाही. मी तेव्हाही सांगितलं, तो प्यायला नव्हता. म्हणाले, बाप दुसरं काय म्हणणार. परवा दुकानात डॉन अबेलिनो माझ्या पाठीमागे म्हणाला, "आलेर्सेने पाडली त्याच्या दुप्पट माणसं सफरचंदाच्या दारूने पाडली." मी मीठ घ्यायला गेलो होतो. मीठ घेतलं आणि आलो.

सुनेने ते खरं मानलं आहे. नोएमी कबरीवर जात नाही. यंदा वर्षदिनाची प्रार्थनाही ठेवणार नाही म्हणते. यास्ना चार वर्षांची झाली. तिला बाप आठवत नाही, पण बाप दारुडा होता हे तिला माहीत आहे.

बटाटे बरे आलेत. गुडघा तसाच.

बेलार्मिनो


वाल्दिव्हिया, २८ जानेवारी २००३

दादा,

लाकूड मिळालं. वास आलाच. प्रयोगशाळेच्या इंगे बाईंनी दारातूनच विचारलं, "एर्सिरा, झाड आणलंस की मासा?"

तुला वाटतं तसं मी इथे नुसती बघत नाही. आधी फरशी पुसायचे, मग बाईंनी लाकडं घासायला बसवलं. आता आठ वर्षं घासते आहे. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग पिठासारखा मऊ. शेवटी लाकूड काचेसारखं होतं आणि भिंगाखाली एकेक उन्हाळा दिसायला लागतो. एक रेघ, एक उन्हाळा; ती ज्या वसंतात सुरू होते त्या वर्षाची.

मोजणी बाहेरून सुरू करता येत नाही. बाहेरचं वर्षच तर शोधायचं असतं. म्हणून आत कुठेतरी ओळखीचं वर्ष सापडावं लागतं. आपल्या डोंगरातून आलेल्या लाकडांत एक रेघ इतकी बारीक आहे की ती डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागते. ते वर्ष १२५८. बाईंनी चाळीस लाकडं शेजारी शेजारी ठेवून ते ठरवलं.

मी विचारलं, त्या वर्षी असं काय झालं होतं? त्यांनी ते एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं आहे. आदल्या वर्षी विषुववृत्ताजवळ कुठेतरी एक ज्वालामुखी डोंगर फुटला, कुठला ते अजून ठरलेलं नाही. त्याचा धूर जगभर पसरला, आणि १२५८ साली कितीतरी देशांत उन्हाळा आलाच नाही. लंडनमध्ये खेड्यांतली माणसं धान्य मिळेल म्हणून आली आणि रस्त्यात मेली. जपानमध्ये शेतातलं उभं पीक कुजलं, माणसं मुळं खणत हिंडली. त्यांच्याकडे काळाला नाव देण्याची रीत होती. पुढच्या वर्षी त्यांनी ते नावच बदललं. त्याच १२५८ मध्ये बगदादवर फौज आली आणि शहर संपलं. बाईंनी त्यापुढे पेन्सिलीने लिहिलं आहे: "याचा डोंगराशी संबंध नाही. हे माणसांनी केलं."

आणि केयेनकोच्या वर आपल्या झाडाने केसाएवढी एक रेघ ओढली. ती त्या धुरामुळेच, असं बाई छातीठोकपणे सांगत नाहीत. म्हणतात, इतक्या दक्षिणेला कदाचित नुसताच वाईट उन्हाळा असेल. पण वर्ष तेच.

आता तुझं उत्तर. त्या रेघेच्या पुढे सालीपर्यंत मी तीन वेळा मोजलं. सातशे बत्तीस. शेवटची रेघ १९९० ची आहे. त्यानंतर काही नाही. लिसान्द्रोने कुऱ्हाड लावली तेव्हा ते झाड मरून दहा वर्षं झाली होती. मेलेलंच होतं, दादा. तुझ्या मनात जे असेल ते काढून टाक.

एक मात्र कळलं नाही. तू नेहमी सांगायचास की ते १९७४ च्या वणव्यात मेलं. वणव्याचा काळा डाग लाकडात आहे. पण त्यानंतर झाड सोळा उन्हाळे जगलेलं आहे. मग एकाएकी का थांबलं? १९९० नंतर तिकडे वणवा लागल्याचं मला आठवत नाही.

एर्सिरा


वाल्दिव्हिया, १७ फेब्रुवारी २००३

दादा,

तुझं उत्तर नाही. गास्तोन म्हणतो पत्र तुझ्या हातात दिलं. म्हणतो, "तुमचा भाऊ उभ्यानेच वाचत होता. मी पेट्या भरल्या, ट्रक वळवला, तरी उभाच."

मी विचारलेलं विसरून जा. माणसाची वर्षं चुकतात. तुझा परवाना मेलेलं लाकूड उचलण्याचा आहे, तो सांभाळ. माझं ते पत्र जाळून टाक.

एर्सिरा


केयेनको, २३ फेब्रुवारी २००३

एर्सिरा,

पत्र जाळलेलं नाही.

माझं वर्ष चुकलेलं नाही. वणव्यातून ते झाड वाचलं होतं, हे मला त्याच वर्षी दिसलं होतं. १९९१ च्या हिवाळ्यात, जूनमध्ये, मी त्याची साल काढली. बुंध्याभोवती हातभर रुंद पट्टा, लाकडापर्यंत. जिवंत आलेर्से तोडायला बंदी, मेलेलं उचलायला परवानगी. तेव्हा आधी झाड मरायला हवं. हे मी एकट्यानेच केलेलं नाही. कोणी बोलत नाही इतकंच.

गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता. मेलेलं लाकूड दोन दिवसांच्या वाटेवरच सापडायचं. वाटलं, एक झाड घराजवळ असावं. म्हातारपणी उपयोगी पडेल. लिसान्द्रोच्या आईला, ओतिलियालाही सांगितलं नाही. ती मरेपर्यंत त्याला वणव्यातलं झाड म्हणायची.

उल्मोच्या झाडाची साल अशी काढली की ते तीन हिवाळ्यांत मरतं. मी धरून चाललो की आलेर्सेचंही तसंच. शेंडा वाळला. खालून सगळं तपकिरी दिसायचं. दहा वर्षं थांबलो, आणखी काय थांबायचं. लिसान्द्रोला म्हटलं, वणव्यातलं आहे, कधीच मेलंय, पाड.

आता पुढचं. त्या झाडाच्या मागे दरी आहे. साल काढताना मी तिकडून गेलो नाही. पाऊस होता, पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंनी हात पोचला तितकं सोललं आणि म्हटलं, झालं. झाडाला पूर्ण वळसा मी घातला नाही.

तुला पाठवलेली पट्टी पुढच्या बाजूची होती. मी सोललेल्या बाजूची. मुद्दाम तीच कापली. तू मेलेलं म्हणावंस असं वाटत होतं. तू म्हणालीस. ते उत्तर खिशात घालून मी तीन आठवडे हिंडलो. त्याने काही झालं नाही.

दुसरी पट्टी पाठवतो आहे. दरीकडची. कमरेला दोर बांधून उतरलो. अबेलिनो वाटेवरून ओरडला, "झाडात मासे लागलेत काय रे?" म्हटलं, "लागलेत."

मोज.

बेलार्मिनो


वाल्दिव्हिया, ४ मार्च २००३

दादा,

दुसरी पट्टी घासली. हिच्यावरून काही सांगता येत नाही. रेघा एकमेकींत मिसळल्या आहेत, मध्ये बुरशी आहे. १२५८ ची रेघ सापडत नाही आणि ती नसेल तर मोजणी सुरूच करता येत नाही. बाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, सोडून दे. म्हणजे पहिलं उत्तर तेच शेवटचं.

तू साल काढलीस ते वाईट केलंस. पण त्याने झाड मेलं आणि मेलेलं झाड मुलाने पाडलं. पुढचं देवाच्या हातचं.

भिंतीवरचा तो कागद मी पुन्हा वाचला. लंडनमध्ये लोकांनी राजाला शिव्या दिल्या असतील. जपानमध्ये त्यांना काळाचं नाव अशुभ वाटलं. आणखी दोन वर्षांनी इटलीत माणसं उघड्या अंगावर चाबूक मारून घेत गावोगाव फिरली, पाप आमचंच म्हणून. फुटलेला डोंगर त्यांच्यापैकी कोणालाही माहीत नव्हता. हाताशी जो होता त्याच्यावर प्रत्येकाने दोष ठेवला. तू तेच करतो आहेस. झाडं पडतात, दादा. कधी कोणाच्या अंगावर पडतात.

नोएमीला यातलं काही सांगू नकोस. परवाना जाईल, वर खटला होईल. आणि ती रागावर उभी आहे. तो काढून घेतलास तर ती कशावर उभी राहील?

गरम कापड गास्तोनबरोबर पाठवते. गुडघ्याला बांध.

एर्सिरा


केयेनको, १२ मार्च २००३

एर्सिरा,

काल दोन वर्षं झाली. कबरीवर मी एकटा होतो.

तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणी साखर खाल्लीस की इतकं बोलायचीस की आईला कळायचंच. परवाच्या पत्रात तू इटलीपर्यंत गेलीस.

ती रेघ नखाला लागते, असं तूच लिहिलं होतंस. मी बुंध्यावर गेलो. रंधा मारला, ओल्या फडक्याने पुसलं. आम्ही कौलं फोडतो ती रेघेवरूनच, एर्सिरा. चाळीस वर्षं माझं नख रेघेवर आहे. तुझं १२५८ मला अर्ध्या दिवसात सापडलं. तिथून बाहेर दर दहा रेघांना झुडपाचा एक काटा टोचत गेलो. पुढच्या बाजूने त्र्याहत्तर काटे आणि वर दोन रेघा. तुझ्याशी जुळलं.

मग तीच बारीक रेघ बोटाने धरून वळसा घातला. बुंधा सलग आहे, रेघ कुठे तुटत नाही. फिरत फिरत दरीच्या बाजूला आलो आणि तिथून पुन्हा बाहेर मोजलं. चौऱ्याहत्तर काटे आणि दोन रेघा. दहा जास्त. त्या दहाही रेघा मिळून नखाएवढी जाडी.

मी न सोललेली जागा आठ बोटं रुंद आहे. तेवढ्यावर ते झाड दहा वर्षं जगलं. आमच्याकडे कोणी विश्वास ठेवणार नाही. मीही ठेवला नसता.

आता मला सगळं दिसतं. लिसान्द्रोने पुढून खाच घेतली, मेलेल्या झाडाला घेतात तशी. मग बाजूला सरकून उभा राहिला, मी शिकवलं होतं तिथेच. सगळं लाकूड तुटलं, पण मागचा ओला पट्टा तुटला नाही. झाड त्या पट्ट्यावर फिरलं आणि लिसान्द्रोकडे आलं. त्याचं काही चुकलं नाही. त्याने माझं ऐकलं.

त्या लोकांचा डोंगर समुद्रापार होता. त्यांना कळायला मार्ग नव्हता. माझा डोंगर मला माहीत आहे. बाईंनी पेन्सिलीने लिहिलं आहे ना, हे माणसांनी केलं. मला त्या रांगेत लिही.

तुझ्याकडून मला माफी नको, मोजणी हवी. कागदावर, सहीनिशी. माझ्या काट्यांवर गाव विश्वास ठेवणार नाही. म्हणतील, म्हातारा पोरावरचा डाग पुसतो आहे.

बेलार्मिनो


वाल्दिव्हिया, २४ मार्च २००३

दादा,

कागद सोबत आहे. बाईंची सही आणि शिक्का आहे. लिहिलं आहे ते असं: दरीकडच्या बाजूला १२५८ नंतर सातशे बेचाळीस रेघा. शेवटची २००० च्या वसंतात सुरू झाली आणि पुढच्या उन्हाळ्याअखेर पूर्ण झाली. पाडलं त्या दिवशी झाड जिवंत होतं.

१२५८ ची रेघ मला पहिल्या तासातच सापडली होती. बुरशी नव्हती. बाईंना मी दाखवलं नव्हतं. या आठवड्यात दाखवलं. त्यांनी दोनदा मोजलं, सही केली आणि मग विचारलं, "कोणाचं झाड आहे?" मी म्हटलं, भावाचं. त्या बराच वेळ चष्मा पुसत होत्या.

मी तुला वाचवत होते असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटत होतं. पण तुझं पत्र आल्यावर नीट पाहिलं. लिसान्द्रो शाळेसाठी सहा वर्षं माझ्याकडे होता. शाळा संपली तेव्हा इथे सुताराकडे त्याला काम मिळत होतं. त्याने विचारलं, "आत्या, काय करू?" मला तो इथे हवा होता. तरी मी म्हटलं, तुझा बाप एकटा आहे, जा. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. झाड मेलेलं असेल तर ती नुसती दुर्घटना, आणि दुर्घटना कुठेही होते. म्हणून मला १९९० हवं होतं. तुझ्यासाठी नाही.

नोएमीला सांगायला जाशील तेव्हा मी येऊ का? गास्तोन म्हणतो ट्रकमध्ये जागा आहे.

एर्सिरा


केयेनको, १५ एप्रिल २००३

एर्सिरा,

तुझी वाट पाहिली नाही. कागद आला त्याच दिवशी गेलो. दुसऱ्या दिवसावर टाकलं असतं तर राहिलं असतं.

तू त्याला जा म्हणालीस ते मला माहीत होतं. त्याने आल्या आल्या सांगितलं होतं. तू पाठवलंस याचा त्याला राग नव्हता. मला तर आनंदच झाला होता. ते तुझ्याकडे ठेवून घेऊ नकोस.

नोएमी बटाटे सोलत होती. मी म्हटलं, "झाड जिवंत होतं."

"कोण म्हणतं?"

"एर्सिराने मोजलं. त्यांच्या बाईंची सही आहे."

तिने कागद घेतला नाही. म्हणाली, "मेलंय म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"त्याला सांगितलंत."

"हो. मीच साल काढली होती. नीट काढली नाही."

"आणि दोन वर्षं दर रविवारी इथे येऊन जेवलात."

मी हो म्हटलं. तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "मी त्याचे शर्ट जाळले, डॉन बेलार्मिनो. दारूचा वास येतो म्हणून. कोणालाच यायचा नाही तो. मला यायचा."

मी निघालो. दारातून बाहेर पडलो तेव्हा ती मागून म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग? तो प्यायला होता हे सगळ्यांनी ऐकलं आहे. हेही सगळ्यांना ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी ती यास्नाला घेऊन कबरीवर गेली. मला बोलावलं नव्हतं. मी कुंपणाशी उभा राहून पाहिलं. त्या तासभर होत्या. यास्ना दगड वेचत होती.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तिने घरी प्रार्थना ठेवली. सगळं गाव आलं. जपमाळ संपल्यावर मी उभा राहिलो आणि तुझा कागद वाचला. मग कागदात नाही तेही सांगितलं, १९९१ चा पाऊस, दरी, सगळं. परवाना शुक्रवारीच वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिला होता. तिथल्या माणसाने विचारलं, "का परत करता?" म्हटलं, माझ्या हातून जिवंत झाड गेलं. त्याने लिहून घेतलं. आता बोलावतील तेव्हा जाईन.

अबेलिनोने टोपी काढली होती. म्हणाला, "आम्हाला काय कल्पना?"

नोएमी म्हणाली, "कोणी विचारलंत का?"

मग ‘माते’ फिरला, आपला तो कडू पाल्याचा चहा. तुला माहीतच आहे, पोकळ भोपळ्याचा एकच पेला, एकच नळी, आणि घरधनिणीच्या हातात किटली. नोएमी एकेकाला भरून देत होती. अबेलिनोलाही दिला. मी दाराशी बाकावर होतो. माझ्या एका बाजूला गास्तोन, दुसऱ्या बाजूला शाळेच्या बाई. गास्तोनने पिऊन भोपळा परत केला. नोएमीने त्यात पाणी ओतलं आणि माझ्यासमोरून हात लांब करून शाळेच्या बाईंना दिला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग प्यायल्या. दुसऱ्या फेरीलाही तसंच झालं. तिसऱ्यालाही.

उठून येता आलं असतं. किटली रिकामी होईपर्यंत बसलो.

बेलार्मिनो